मिश्र शिक्षण आणि सैनिकी प्रबोधिनी

‘मिश्र शिक्षण’ हा शब्द अलीकडे शाळा-कॉलेजांच्या परिपत्रकांतून वरचेवर येतो. तो ऐकून कोणाला मिसळ आठवली, तर मी त्याला दोष देणार नाही. अर्थ मात्र सरळ आहे. जे ऐकून, पाहून, वाचून एकट्याला शिकता येते ते पडद्यावरून शिकावे. आणि ज्याला गुरुजी समोर हवेत, सोबती हवेत, हातपाय हलवावयास हवेत, ते वर्गात नाहीतर मैदानावर शिकावे. विद्यापीठ अनुदान आयोगाने मे २०२१ मध्ये मांडलेल्या आराखड्यात अभ्यासक्रमाचा ४० टक्क्यांपर्यंतचा भाग असा दुरून शिकविण्याची कल्पना होती.

तुम्ही म्हणाल, कॉलेजात हे ठीक; पण जिथे दिवस कवायतीने उजाडतो तिथे पडद्याचे काय काम? पुण्याजवळच्या खडकवासल्याची राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी डोळ्यांपुढे आणा. १९४९ साली डेहराडूनला तिची सुरुवात झाली आणि जानेवारी १९५५ मध्ये खडकवासल्यास रीतसर उद्घाटन झाले. तिथे तीन वर्षांत मुलगा कवायत, पोहणे, घोडेस्वारी शिकतो, आणि त्याच वेळी पदवीचा अभ्यासही करतो. मुलगा म्हटले खरे, पण २०२२ पासून मुलीही तिथे आहेत. त्यांच्यातील पहिल्या १७ जणी मे २०२५ मध्ये शिक्षण पुरे करून बाहेर पडल्या.

आता अशा ठिकाणी खरी टंचाई कशाची, तर वेळेची. सकाळभर अंग मोडून आलेल्या मुलासमोर तासभर व्याख्यान दिले तर त्याचे डोळे मिटणारच. मग व्याख्यान त्याने आपल्या सवडीने ऐकावे, अडेल तिथे पुन्हा ऐकावे, आणि वर्गातला वेळ शंका व उदाहरणे यांसाठी ठेवावा, हे शहाणपणाचे नव्हे काय? ही युक्ती यंत्रामुळे सुचलेली नाही बरे! अमेरिकेतील वेस्ट पॉइंटच्या सैनिकी विद्यालयात सिल्व्हेनस थेयर हे १८१७ ते १८३३ प्रमुख होते. त्यांच्या पद्धतीत विद्यार्थी धडा आधी स्वतः वाचून येई आणि वर्गात फळ्यापाशी उभा राहून तो सोडवून दाखवी. पडदा नव्हता, पुस्तक होते, इतकाच फरक.

हर्ण्याच्या माणसाला यातली दुसरी बाजू समजावून सांगावी लागत नाही. वारा कोणत्या अंगाने आला म्हणजे शीड कसे धरावे, हे चित्रात दाखविता येते, आणि चांगले दाखविता येते. पण सुवर्णदुर्गाच्या बाजूला लाट उसळली असताना सुकाणूवरचा हात किती वळवायचा, हे तांडेलाशेजारी बसल्यावाचून कळेल काय? खडकवासल्याच्या जलाशयावरही मुलांना होड्या चालवावयास शिकवितात ते याचसाठी.

आपल्या रेडिओनेही हा प्रयोग पूर्वी केला आहे. १९५६ साली पुणे केंद्राने आसपासच्या पाच जिल्ह्यांतील दीडशेच्या सुमारास गावांसाठी २० कार्यक्रम दिले. गावकरी एकत्र बसून ऐकत आणि लगेच चर्चा करीत. जिथे अशी मंडळे होती, तिथल्या लोकांना इतर गावांपेक्षा कितीतरी अधिक समजले, असे पाहणीत आढळले. म्हणजे शिकविले ते रेडिओने, पण पक्के झाले ते ओट्यावरच्या वादावादीत.

शिक्षक-बंधूभगिनींना माझे विशेष सांगणे आहे. पडदा आला म्हणजे आपली गरज संपली, ही भीती मला खरी वाटत नाही. प्रबोधिनीच्या प्रवेशाचेच बघा ना. लेखी परीक्षेला ९०० गुण : गणिताला ३०० आणि सामान्य क्षमतेला ६००. पुढे निवड मंडळाच्या मुलाखतीला पुन्हा ९००. पहिल्या ९०० ची तयारी हर्ण्यात बसून मोबाइलवर पुष्कळशी होईल. दुसऱ्या ९०० साठी चारचौघांत बोलावे लागते, गटाबरोबर अडथळा ओलांडावा लागतो, दुसऱ्याचे ऐकावे लागते. ते मोबाइल कसे शिकविणार?

खरी काळजी निराळी आहे. ज्या घरी एकच मोबाइल, आणि तोही बापाबरोबर समुद्रावर जातो, त्या मुलीचा अर्धा अभ्यास मिश्र शिक्षणाच्या नावाखाली बुडू नये. म्हणून धडा मुलांच्या घरी पाठविण्याआधी तो शाळेत एकत्र दाखवावा. आठवड्याचे दोन पाठ शाळेच्या एका यंत्रात उतरवून ठेवले, तर रेंज गेली तरी अडत नाही. पाठ दहा-बारा मिनिटांहून लांब नसावा. तो संपला की लगेच यंत्र बंद करावे, आणि मुलांना दोन-दोन प्रश्न स्वतः काढावयास सांगावे. वर्ग तिथून सुरू होतो.