परवाना, ठसे आणि वंशाचा रकाना

केपटाउनमधल्या कोकणी मुसलमानांची मुळं जुन्या रत्नागिरी आणि कुलाबा जिल्ह्यांत आहेत. दक्षिण आफ्रिकेतली वर्णद्वेषी राजवट १९४८ची म्हणतात, पण या माणसांच्या मानेवर कागदाचं जू त्याआधीच बसलं होतं. केप वसाहतीच्या १९०६च्या कायद्यानंतर गावी येऊन परत जायचं तर फोटो आणि ठसे असलेला परवाना लागे. मुदत उलटली की परतीचा हक्क गेला. दुकान तिथे, बायकामुलं इथे. ट्रान्सवालमध्ये अशाच सक्तीच्या नोंदणीविरुद्ध गांधीजींच्या नेतृत्वाखाली १६ ऑगस्ट १९०८ रोजी, जोहान्सबर्गच्या हमीदिया मशिदीजवळ, दोन हजारांहून अधिक दाखले जाळले गेले.

१९५०च्या लोकसंख्या नोंदणी कायद्याने प्रत्येकाचा वंश सरकारी दप्तरात नोंदवला. पुढे ‘भारतीय’ आणि ‘केप मलाय’ असे वेगळे रकाने झाले. कोकणी घरांच्या मलाय घराण्यांत सोयरिकी होत्या, त्यामुळे एकाच गोतावळ्यातली माणसं दोन रकान्यांत पडू शकत. घर कुठे करायचं हेही रकानाच ठरवी. १९६६मध्ये केपटाउनमधली डिस्ट्रिक्ट सिक्स ही वस्ती ‘गोऱ्यांची’ जाहीर झाली, साठ हजारांवर माणसं हुसकली गेली. भारतीयांसाठी शहरातला रायलँड्स हा भाग नेमलेला होता. कृष्णवर्णीय आफ्रिकी माणसाचे हाल याहून भयंकर होते: पासबुक जवळ नसलं की अटक.

नोंदणीचा कायदा १९९१मध्ये रद्द झाला. जुन्या नोंदी मात्र लगेच पुसल्या गेल्या नाहीत.