नवसाचे डोळे

ख्रिस्ती धर्माने जुन्या देवाधर्मांकडून काय काय घेतले, यावर दर दिवाळीला कुठे ना कुठे एक लेख येतो आणि तो नाताळापासूनच सुरू होतो. तेवढे एकदा उरकून घेऊ. सम्राट ऑरेलियनने इ. स. २७४मध्ये रोमला अजिंक्य सूर्याचे देऊळ उभारले. ३५४च्या रोमी पंचांगात २५ डिसेंबरला त्या अजिंक्याचा जन्मदिन आहे, आणि त्याच हस्तलिखितात त्याच तारखेला ख्रिस्तजन्माचीही नोंद आहे. कोणी म्हणतात, सणच उचलला. कोणी म्हणतात, २५ मार्चला गर्भधारणा धरून नऊ महिने मोजले. दोन्हीकडचे पंडित तगडे आहेत. त्यांचे चालू द्या. मिथ्रदेव २५ डिसेंबरला कुमारीच्या पोटी जन्मला, असे मात्र यापुढे कोणी लिहू नये. त्याच्या भक्तांनीच घडवलेल्या शिल्पांत तो खडकातून बाहेर येतो. आमच्या भागातल्या व्याख्यानमालांत या कुमारीने टाळ्या घेतलेल्या मी ऐकल्या आहेत. ख्रिस्त म्हणजेच कृष्ण, असे सांगणाऱ्यांशी तर मी वाद घालणेच सोडले. नावांच्या उच्चारावरून इतिहास ठरत असता, तर शिलालेख वाचायला कोणी डोळे फोडले नसते.

पोप ग्रेगरीचे ६०१चे पत्रही सर्वांना पाठ आहे. इंग्लंडातली देवळे पाडू नका, मूर्ती तेवढ्या काढा, तीर्थ शिंपडा, लोकांना बैल कापायचेच असतील तर संतांच्या सणाला कापून जेवू द्या, असा त्याचा आशय. हे वरून खाली आलेले धोरण झाले. माझा जीव रमतो तो खालून वर गेलेल्या गोष्टींत. चाळीसेक वर्षे मी एकच तुणतुणे वाजवत आलो आहे: दोन धर्मांचे नाते पाहायचे असेल तर त्यांचे सिद्धांत ताडून पाहू नका, त्यांच्या नवसाच्या वस्तू पाहा.

ग्रीसमधल्या कॉरिंथला अस्क्लेपियस या वैद्यदेवाचे ठाणे होते. तिथल्या उत्खननात भाजल्या मातीचे हात, पाय, कान, स्तन निघाले. ज्याचा जो अवयव बरा झाला, त्याने तो देवाला वाहिला. ख्रिस्तापूर्वी चार-पाच शतके ही रीत तिथे चालत होती. पुढे इ. स.च्या पाचव्या शतकात सीरियातला थिओडोरेट नावाचा बिशप ख्रिस्ती हुतात्म्यांच्या समाध्यांचे वर्णन करतो. तिथे काय लटकले आहे? सोन्या-चांदीचे डोळे, पाय, हात. बिशप त्याबद्दल नाराज नाही, उलट अभिमानाने सांगतो. देव बदलला, समाधी आली, सोनार तोच राहिला. पोर्तुगालात मेण आले. फातिमाला आजही मेणाचे अवयव वाहतात. त्याच पोर्तुगीज वळणाने ही रीत साष्टीत उतरली आणि वांद्र्याच्या टेकडीवर मोतमाउलीपुढे, म्हणजे मरियेपुढे, ठाण मांडून बसली. ८ सप्टेंबरनंतरच्या रविवारी जत्रा भरते तेव्हा खालच्या दुकानांत मेणाचा हात, मेणाचे बाळ, मेणाचे घर विकायला असते. घेणाऱ्यांत कोळणी असतात, गुजराती असतात, आमच्याकडचे हमाल-गवंडीही असतात.

आता बीडला या. देवीच्या साथीत डोळे गेलेली माणसे माझ्या लहानपणी प्रत्येक गावात असत. साथ आली की बायका चांदीचे डोळे बोलायच्या. सराफ्यातला सोनार पातळ पत्रा साच्यावर ठोकून जोडी काढून द्यायचा. माझ्या आजीने माझ्यासाठी अंबाजोगाईच्या योगेश्वरीला डोळेच बोलले होते, आणि फेडताना सोनाराशी वजनावरून घासाघीस केली होती. आजी कधी वांद्र्याला गेली नाही. कॉरिंथ तिला ठाऊक असण्याचा प्रश्नच नव्हता.

इथे माझे दोन्ही बाजूंच्या मंडळींशी फाटते. एक पक्ष म्हणतो, सगळे एका मुळातून आले. दुसरा म्हणतो, हा निव्वळ योगायोग. कॉरिंथ, सीरिया, लिस्बन, वांद्रे ही वाट पायांखालची आहे, तिच्यावर पुरावे पडले आहेत. आमचे चांदीचे डोळे त्या वाटेने आले असे दाखवणारे काही नाही. ते इथल्या देवीचे आणि इथल्या रोगाचे. पण वांद्र्याच्या टेकडीवर दोन्ही प्रवाह एकत्र आले. सराफ्यातून डोळे घेणाऱ्या बाईला मेणाचा हात कशाला, हे कोणी समजावून सांगावे लागले नाही. मला कुतूहल आहे ते या न समजावता समजण्याचे. एका परिसंवादात एका नामवंतांनी ‘ही गंमत आहे, विचार नव्हे’ असे म्हणून मला खाली बसवले होते. त्यांचा ग्रंथ सहाशे पानांचा आहे आणि त्यात एकही सोनार नाही.

गोव्यात तर नाते रक्ताचेच मानतात. शिरगावची लईराई ही सात बहिणींतली एक, आणि म्हापशाची मिलाग्रीस सायबीण, म्हणजे मरियाच, दुसरी. वैशाख शुद्ध पंचमीच्या जत्रेत लईराईचे धोंड, म्हणजे व्रतस्थ भक्त, निखाऱ्यांवरून चालतात. सायबिणीचे फेस्त इस्टरनंतर साधारण पंधरवड्याने येते. तिला तेल वाहायला हिंदूंची रांग लागते. मिलाग्रीसचे चर्च १५९४चे, म्हणजे बाटवाबाटवीचा काळ ताजा असतानाचे. लोकांनी नव्या देवीला जुन्या घराण्यात बसवून टाकले.

योगेश्वरीचे आमचे आख्यानही या बैठकीत मांडायला हवे. कोकणातून ती परळीच्या वैजनाथाशी लग्न करायला निघाली, मुहूर्त टळला, वऱ्हाड दगडाचे झाले आणि ती अंबाजोगाईला कुमारीच राहिली. कोकणस्थांची कुलस्वामिनी इतक्या लांब घाटावर बसली ती यामुळे, असे सांगतात. कुमारी असून आई. एफिससला ४३१च्या धर्मसभेने मरियेला देवमाता ही पदवी दिली, तेही एकेकाळी आर्टेमिस देवीचे शहर. यावरून मरिया म्हणजे आर्टेमिस असे लिहिणाऱ्यांना मी विचारतो, मग योगेश्वरी कोण? ओटी भरणाऱ्या बाईला कुमारीपण आणि आईपण यांत भांडण दिसत नाही. ते दिसते ते आम्हा पुरुष टीकाकारांना.

आणखी एक जोडी माझ्या आवडीची. मरियेच्या जन्माचा ८ सप्टेंबरचा सण जेरुसलेमकडून आला, त्याचा भारताशी काही संबंध नाही. पण मंगळुरूकडचे ख्रिस्ती त्या दिवशी नव्या भाताच्या लोंब्या चर्चमध्ये आशीर्वादित करून घरी आणतात, त्यांचे दाणे दुधात घालून सगळ्यांना देतात आणि विषम संख्येच्या भाज्यांचे शाकाहारी जेवण करतात. साधारण त्याच सुमारास, भाद्रपदात अनुराधा नक्षत्रावर, आमच्या घरांत महालक्ष्म्या बसतात आणि सोळा भाज्या शिजतात. तारीख जेरुसलेमची असली, तरी ताटात काय वाढायचे ते पिकाने ठरवले.

गोव्याच्या इन्क्विझिशनला हे सगळे दिसत होते. १७३६च्या फर्मानाने नवख्रिस्तींच्या लग्नातली हळद, पानविडा, ओव्या यांवर बंदी घातली. बंदी घालायला आधी यादी करावी लागते. ती यादीच आज आम्हा अभ्यासकांच्या कामाची आहे. फादर स्टीफन्सचे १६१६चे ‘ख्रिस्तपुराण’ त्याआधीचे. इंग्रज जेझुइट, राशोलला छापलेले ओवीबद्ध पुराण. त्याच्याबद्दल इतके लिहून झाले आहे की मी थांबतो. प्रॉटेस्टंटांचेही थोडक्यात सांगतो. अहमदनगरच्या अमेरिकन मराठी मिशनने नवस, मेण, मूर्ती सगळे दाराबाहेर ठेवले. पण कृष्णराव सांगळ्यांनी ख्रिस्ती कीर्तन उभे केले आणि नारायण वामन टिळक अभंग घेऊन आले. आमच्या शेजारी जालन्याजवळ नारायण शेषाद्रींनी बेथेल वसवले, तेही प्रॉटेस्टंटच. तिथे काय काय उरले आणि काय गेले, हा वेगळ्या लेखाचा विषय.

आता रडगाणे. भारतात देवी रोगाचा शेवटचा रुग्ण १९७५चा. रोग गेला हे उत्तमच, पण त्याबरोबर डोळ्यांची जोडीही जवळपास गेली. साचे मोडीत निघाले. श्रीरामपूरजवळ हरेगावच्या मतमाउलीच्या यात्रेला आमच्या गावांतून बिगरख्रिस्ती बायका अजूनही जातात, पण हल्ली त्यांना दोन्हीकडून टोकले जाते. एक म्हणतो, परधर्मात कशाला जाता. दुसरा, नव्या प्रार्थनासभेतला, म्हणतो, आधी घरातले टाक नदीत सोडा. इन्क्विझिशनला निदान यादी करण्याचा धीर होता. यांना तोही नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या विद्यापीठातल्या मराठी आणि इतिहास विभागांना माझी विनंती आहे. तौलनिक धर्मावरचा आणखी एक परिसंवाद पुढे ढकला. दोन विद्यार्थी बीड, परळी, अंबाजोगाईच्या सराफ्यांत पाठवा, जुन्या सोनारांकडे उरलेले साचे मोजा, त्यांची छायाचित्रे घ्या, कोणत्या देवीसाठी काय काढत होते ते लिहून घ्या. वाचकांपैकी कोणाच्या देव्हाऱ्यात न फेडलेल्या नवसाचे डोळे पडून असतील तर ते वितळवायला देऊ नका. आधी घरातल्या थोरल्या बाईला विचारून कोणाचे, कशासाठी ते टिपून ठेवा.