शकुंतला : वऱ्हाडातील एक मुका लोहमार्ग

मुंबई–नागपूर लोहमार्गावरील मूर्तिजापूर स्थानकाशी दोन अरुंद फाटे येऊन मिळतात. एक कारंजा-दारव्ह्यावरून यवतमाळला जातो, दुसरा दर्यापूर-अंजनगावमार्गे अचलपूरला. सुमारे १९० किलोमीटरचा हा मार्ग आज बंद आहे. लोक त्याला ‘शकुंतला’ म्हणतात. वस्तुतः हे नाव गाडीचे. पुढे त्याने रुळांनाही व्यापले. अर्थविस्ताराचे याहून सुबोध उदाहरण मी देऊ शकणार नाही.

विसाव्या शतकाच्या आरंभी किलिक निक्सन या ब्रिटिश पेढीने स्थापलेल्या सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनीने हा मार्ग उभारला. हेतू एकच : वऱ्हाडचा कापूस मुंबई बंदरापर्यंत आणि तेथून मँचेस्टरच्या गिरण्यांपर्यंत पोहोचवणे. रुळांमधील अंतर केवळ ७६२ मिलिमीटर ठेवले, कारण त्यामुळे पूल, भराव, डबे सारेच स्वस्तात होत. मात्र मूर्तिजापूरला प्रत्येक गाठ उतरवून मोठ्या डब्यात भरावी लागे. आरंभीची ही काटकसर पुढे कायमचा भुर्दंड ठरली, हे लक्षात घ्या. मालट्रक शेताच्या बांधापर्यंत येऊ लागल्यावर कापूस रुळांवरून उतरला आणि गाडी उरली ती अल्प भाड्यात प्रवास करणाऱ्या गोरगरिबांची. मँचेस्टरला १९२१ साली घडवलेले वाफेचे इंजिन तिला १९९४ पर्यंत ओढत होते!

स्वातंत्र्यानंतरही मार्गाची मालकी खासगी कंपनीकडेच राहिली. गाडी मात्र भारतीय रेल्वे चालवी व कंपनीला मोबदला देई. दुसऱ्याच्या रुळांवर कोण पैसा ओतणार? डागडुजी रखडली, वेग मंदावला आणि गेल्या दशकात गाड्या थांबल्या.

आता पुनरुज्जीवन म्हणजे काय, हे आपण नेमके ठरवले पाहिजे. पर्यटकांसाठी जुनी गाडी फिरवणे ही एक गोष्ट. १६७६ मिलिमीटरचा रुंद मार्ग टाकणे ही सर्वस्वी वेगळी. दुसऱ्यासाठी नवे पूल, सौम्य वळणे व अधिक जमीन लागते. शिवाय दोन्ही फाट्यांची निकड समान नाही. यवतमाळला वर्धा–नांदेड हा नवा मार्ग जोडणार आहे. दर्यापूर, अंजनगाव आणि अचलपूर यांना मात्र शकुंतलेवाचून दुसरी रेल्वे नाही. म्हणून, माझ्या मते, रुंदीकरणाचा पहिला हक्क अचलपूरच्या फाट्याचा आहे.