दुर्बीण नव्हे, तिच्या कड्या!

चष्मा घ्यायला गेलेला माणूस भिंगाची चौकशी तासभर करतो. दांडीतल्या बारीक स्क्रूची विचारपूस मात्र कुणीच करीत नाही. तो स्क्रू ढिला झाला, की तेच किमती भिंग नाकावरून घसरते आणि जग तिरपे दिसू लागते. रायफलीवर बसवायच्या दुर्बिणीचेही अगदी असेच आहे. ती किती लांबचे जवळ दाखवते, हे सारे विचारतात. तिला रायफलीशी धरून ठेवणाऱ्या दोन कड्यांची आठवण होते ती सर्वांत शेवटी, आणि तीही उरलेल्या पैशांत!

फराळाच्या ताटाशेजारी हे बंदुकीचे पुराण कशाला, असे एखादी वाचक भगिनी म्हणेल. प्रश्न रास्त आहे. हौसेची शिकार आपल्या देशात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने संपली, आणि संपली ते बरेच झाले. पण उमरग्यासारख्या गावी शेती करणाऱ्याच्या घरी पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची रायफल अजून असते. माझ्याकडे वडिलांच्या पश्चात आलेली .315 बोअरची, इशापूरच्या सरकारी कारखान्यातली रायफल आहे. सोलापूर-हैदराबाद रस्त्यापासून आत आमचे रान. दिवाळीच्या सुमारास सोयाबीन घरात आलेले असते, तूर उभी असते, ज्वारी नुकतीच पेरलेली असते आणि शेजारी ऊस डोक्याच्या वर गेलेला असतो. दिवसा रानडुकरांचा कळप त्या उसात झोपतो आणि रात्री तुरीत येतो. एका रात्रीत अर्धे रान नांगरल्यासारखे करून ठेवतो.

म्हणून काही उठले आणि गोळी घातली, असे चालत नाही. 2022 च्या दुरुस्तीनंतर रानडुक्कर कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत आहे. उभ्या पिकाचे नुकसान होत असेल, तरी वनखात्याच्या परवानगीच्या चौकटीतच ते मारता येते. ढोल, फटाके, कुंपण, राखण हे सारे करून झाल्यावरचा तो शेवटचा उपाय. आणि उपाय शेवटचा असला, म्हणजे तो एका गोळीतच पुरा व्हायला हवा.

गेल्या दिवाळीत पुण्याहून आलेला पुतण्या माझ्या टेबलावरचा पसारा पाहून म्हणाला, “काका, दुर्बीण एवढी झकास घेतलीत, मग या दोन कड्यांसाठी एवढी घासाघीस कशाला? आणि आपला स्वप्नील कुसाळे तरी दुर्बिणीतूनच नेम धरतो ना?”

मी म्हटले, “मुळीच नाही!” 2024 च्या ऑलिंपिकमध्ये कोल्हापूरकडच्या या पठ्ठ्याने 50 मीटर रायफलचे कांस्यपदक मिळवले ते दुर्बिणीवाचून. त्या स्पर्धेत मोठे करून दाखवणारी दुर्बीण चालतच नाही. बारीक छिद्रातून पाहून नेम धरायचा असतो. पण तिथे लक्ष्य ठरल्या जागी असते आणि उजेड पुरेसा असतो. पहाटेच्या अंधूक प्रकाशात, तुरीच्या काळ्या ताटांत काय हलते आहे? डुक्कर, कुत्रे, की राखणीला आलेला शेजारी? हे ओळखल्याशिवाय घोड्याला बोट लावणे म्हणजे पाप. दुर्बीण मुख्यतः त्यासाठी हवी.

मग पुतण्याला कागद-पेन्सिल घ्यायला लावली. दोन कड्यांत अंतर धरू 100 मिलिमीटर. पुढची कडी मागचीपेक्षा कागदाच्या जाडीइतकी, म्हणजे 0.1 मिलिमीटर सरकली, तर 100 मीटरवर नेम किती चुकेल? साधे त्रैराशिक. उत्तर आले 100 मिलिमीटर, म्हणजे 10 सेंटिमीटर! कागदाएवढ्या फरकाची तिथे जवळजवळ अर्धी वीत झाली. डुकराचे मर्मस्थान जेमतेम वीतभर. मुलगा गप्प झाला.

आता यातली खरी मेख सांगतो. हा फरक कायमचा असेल, तर त्याचे भय नाही. दुर्बिणीवर दोन चकत्या असतात. त्या फिरवून नेम जुळवता येतो. बहुतेक दुर्बिणींत चकतीची एक टकटक 100 मीटरवर साधारण 7 मिलिमीटरची असते. पण कडी आज इथे आणि उद्या तिथे असेल, तर कितीही टकटक करा, उपयोग शून्य. कायमची चूक भरून काढता येते. हलणारी चूक येत नाही. कडीकडून आपल्याला एवढेच हवे असते, की तिने जागा सोडू नये.

तर निवड कशी करावी? पहिले माप दुर्बिणीच्या नळीचे. ते बहुधा 1 इंच, म्हणजे 25.4 मिलिमीटर, किंवा 30 मिलिमीटर असते. एका मापाच्या कडीत दुसऱ्या मापाची नळी कागदाच्या घड्या घालून बसवू नये; हा जुगाड पहिल्या धक्क्यालाच निसटतो. दुसरे, खालच्या पट्टीची जात. वीव्हर आणि पिकॅटिनी या दोन पट्ट्या दिसायला बहिणी. पण पहिलीची खाच दुसरीपेक्षा अरुंद. पिकॅटिनीची जाड पिन तिच्यात बसत नाही. छऱ्याच्या बंदुकीवर बहुधा 11 मिलिमीटरची खाच असते. स्प्रिंगची छऱ्याची बंदूक मागे-पुढे दोन्हीकडे धक्का देते, म्हणून तिच्या कडीला अडवणारी खुंटी हवीच. तिसरे, उंची. पुढचे मोठे भिंग नळीला टेकू नये आणि बोल्टची मूठ मोकळी फिरावी. एवढे साधून कडी जितकी बुटकी तितकी चांगली. कडी उंच झाली, की गाल दस्त्यावरून उचलावा लागतो आणि डोळा डुगडुगू लागतो.

माझी रायफल ली-एन्फिल्ड घराण्यातली. तिच्यावर दुर्बिणीची सोय मुळात नव्हती. पट्टीसाठी भोके पाडून आटे घालणे हे परवानाधारक कारागिराचेच काम. लेथवाल्या मित्राकडे ते नेऊ नये.

पट्टी पक्की झाली, की बाकीचे घरी करता येते. आधी बोल्ट काढून रायफल रिकामी असल्याची दोनदा खात्री करावी. पट्टीचे आणि कड्यांचे तेल पुसून काढावे. कड्यांचे खालचे भाग बसवून त्यांत दुर्बीण नुसती ठेवावी. ती दाबावी लागली, तर कड्या एका रेषेत नाहीत असे समजावे. दाबून बसवलेली नळी वाकते. मग खांद्याला लावून डोळ्यापासूनचे अंतर पाहावे. ते साधारण 9 सेंटिमीटर असावे, नाहीतर धक्क्याने भुवई फुटते. रायफल सरळ धरून समोर गवंड्याचा ओळंबा टांगावा आणि आतली उभी तार त्याच्याशी जुळवावी. शेवटी स्क्रू. एक इकडचा, एक तिकडचा, असे थोडे थोडे आवळावे, म्हणजे दोन्ही बाजूंची फट सारखी राहते. साधारण 2 न्यूटन-मीटर एवढाच जोर पुरे. मनगटाचा सारा राग स्क्रूवर काढला, तर नळी चेपते. आमच्या सौ. बाटलीच्या झाकणाबद्दल मला हेच सांगत आल्या आहेत!

कडी आणि नळी यांच्यावर मिळून पांढऱ्या रंगाची एक बारीक रेघ ओढून ठेवावी. रेघ तुटलेली दिसली, की काहीतरी सरकले हे तत्काळ कळते. मग रायफल क्लबच्या मैदानावर जाऊन आधी 25 मीटरवर आणि नंतर 100 मीटरवर नेम जुळवावा.

ही काळजी जास्त वाटते? दुसऱ्या महायुद्धात लंडनच्या हॉलंड अँड हॉलंड या बंदूकवाल्यांनी ब्रिटिश फौजेसाठी नंबर 4 रायफलींवर दुर्बिणी बसवल्या. तेव्हा प्रत्येक दुर्बिणीचा क्रमांक तिच्या रायफलीच्या लाकडावर ठोकलेला असे. एकीची दुर्बीण दुसरीला लावायची नाही. जोडी जमली ती जमली!

सैनिकाचे एक कारण होते. आमचे दुसरे आहे. दिवाळी सरली, की ऊसतोडीच्या टोळ्या येतात. बांधाला कोप्या उभ्या राहतात. भल्या पहाटे नवरा-बायको कोयते घेऊन फडात शिरतात आणि लहान पोर पाचटावर खेळत असते. अर्धी वीत चुकलेल्या गोळीचे जखमी डुक्कर पळून जाते ते त्याच उसात. बंदूकवाला तोवर घरी येऊन चहा घेत असतो. त्या डुकराची गाठ पडते ती कोयतेवाल्या बाईशी. म्हणून पांढरी रेघ थोडी जरी सरकलेली दिसली, तर त्या रात्री रायफल कपाटातच राहिलेली बरी. खाल्ली तूर डुकरांनी, तर खाऊ द्यावी.