काळ्या रेघांचा हिशेब



कर्जत-खालापूरकडे बाजाराला गेलात, की साबणाच्या वडीवरही काळ्या रेघा दिसतात. त्यालाच बारकोड म्हणतात. २६ जून १९७४ रोजी अमेरिकेत ट्रॉय गावच्या दुकानात च्युइंग गमच्या पाकिटावर तो पहिल्यांदा वाचला गेला.

या रेघांत किंमत नसते, नंबर असतो. उसाच्या पावतीवर आपला सभासद क्रमांक असतो, दर मात्र कारखान्याच्या दप्तरी, तसेच हे. तेरा आकड्यांत सुरुवातीचे ८९० म्हणजे भारतातली नोंदणी, शेवटचा आकडा ताळा पाहण्याचा. भाव येतो तो दुकानाच्या संगणकातून.

सवलतीच्या कूपनचेही तेच. तो माल बिलात आहे काय, मुदत उरली आहे काय, हे संगणक पाहतो, मगच रक्कम वजा करतो. यंत्र वाजले म्हणजे सवलत मिळालीच, असे समजू नये.

संगणकात चुकीचा भाव राहिला, तर भुर्दंड आपल्याला. म्हणून आम्ही सांगतो, बिल तिथेच वाचा, छापील किमतीशी ताडून पाहा. छापील कमाल किमतीपेक्षा जास्त घेतले, तर १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार करता येते. काट्यावर आपण वजन डोळ्यांनी पाहतो ना? मग इथेच डोळे का मिटायचे?