लासलगांव : कांद्यानें वाढविलेलें बाजारगांव

शेतकरी पिकवितो रानांत. परंतु त्याच्या श्रमाचें मोल ठरतें बाजारांत. म्हणून ज्या गांवीं माल विकावयाचा, तें गांव कसें चालतें हें प्रत्येक बागाइतदारानें जाणून घेणें अगत्याचें आहे. या हेतूनें आम्ही नाशिक जिल्ह्याच्या निफाड तालुक्यांतील लासलगांवची ओळख वाचकांस करून देत आहों.

सभोंवारची काळी जमीन, विहिरींचें पाणी व मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील स्थानक ही या गांवाची मूळ पुंजी होय. रेल्वेमुळें माल दूरच्या पेठांस धाडणें सुकर झालें. आणि १९४७ सालीं बाजार समिति स्थापन झाल्यावर विक्रीस शिस्त आली.

सकाळींच कांद्यानें भरलेल्या ट्रॅक्टरांच्या रांगा लागतात. व्यापारी रांगेनें फिरत वाहनागणिक उघड बोली बोलतात. मग भुईकांट्यावर वजन होऊन माल व्यापाऱ्याच्या खळ्यावर उतरतो. तेथें मजूर स्त्रिया प्रतवारी करितात व गोण्या भरून तो परगांवीं रवाना होतो. हमाल, मापारी, बारदानवाला, यंत्रें दुरुस्त करणारा, बीं-खतांचा दुकानदार, पतपेढी, खाणावळ, या साऱ्यांची चूल याच फेऱ्यावर पेटते.

येथें एक भेद ध्यानीं धरिला पाहिजे. हमाली व गाडीभाडें मालाच्या राशीवर मिळतें. शेतकऱ्याची मिळकत मात्र भावावर ठरते. म्हणून भाव पडलेल्या दिवशींही गांव गजबजलेलें दिसतें. लिलाव बंद पडले कीं मात्र दोघेही एकदम बसतात. ऑगस्ट २०२३ मध्यें कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के कर बसला, तेव्हां जिल्ह्यांतील लिलाव कांहीं दिवस बंद राहिले. डिसेंबरांत निर्यातबंदीच आली. ती मे २०२४ मध्यें उठली, आणि कर १ एप्रिल २०२५ पासून पूर्णपणें गेला. एकाच पिकावर उभ्या राहिलेल्या गांवाचें बळ तेंच त्याचें दुबळेपण होय.

यावर उपाय कोणता? खरिपाचा पोळ व त्यामागून येणारा रांगडा कांदा फार टिकत नाहीं. तो लवकर विकावाच लागतो. उन्हाळी कांदा मात्र चाळींत कित्येक महिने राहतो, व तेवढाच शेतकऱ्याच्या हातीं थांबण्याचा अवसर असतो. लासलगांवीं भाभा अणुसंशोधन केंद्राचें ‘कृषक’ केंद्र २००२ सालीं सुरू झालें. तेथील किरण-प्रक्रियेनें कांद्यास कोंब फुटणें थांबतें. २००७ सालीं अमेरिकेस गेलेल्या आंब्यांवरही येथेंच प्रक्रिया झाली होती. परंतु या प्रक्रियेनें कांद्याचें सडणें थांबत नाहीं. त्यासाठीं मान नीट सुकविणें, जोड व फुटका कांदा निवडून काढणें आणि चाळ हवेशीर राखणें, हीं कामें ज्याचीं त्यानेंच केलीं पाहिजेत.

आमची वाचकांस सूचना इतकीच कीं, सारा माल एकाच दिवशीं बाजारांत नेऊं नये. प्रत लावून टप्प्याटप्प्यानें न्यावा. वजनाची व हिशेबाची पट्टी जपून ठेवावी आणि समितीच्या कारभारांत लक्ष घालावें. बाजारगांव शेतकऱ्याच्या मालावर वाढतें. तेव्हां त्या वाढींत आपला वाटा किती, हें विचारण्याचा हक्कही शेतकऱ्याचाच आहे.