पाल्स : अंबुबॅग, मॅनिकिन आणि पालघर जिल्हा

पाल्स (पीडियाट्रिक अॅडव्हान्स्ड लाइफ सपोर्ट) हे अत्यवस्थ मुलाचा जीव वाचवण्यासाठी डॉक्टर, परिचारिका आणि पॅरामेडिक यांना दिले जाणारे प्रशिक्षण. अमेरिकन हार्ट असोसिएशनने ते १९८८मध्ये सुरू केले.

मोठ्या माणसाचे हृदय पुष्कळदा अचानक बंद पडते. मुलांचे सहसा तसे होत नाही. न्यूमोनिया, जुलाब किंवा सेप्सिसमध्ये आधी श्वास आणि रक्ताभिसरण ढासळते. हृदय शेवटी थांबते, आणि तिथवर गेलेले मूल हाती लागणे कठीण. म्हणून आधीची घसरण ओळखणे हाच पाल्सचा गाभा आहे. मूल आईकडे बघते की मलूल पडले आहे, फासळ्या आत ओढल्या जातात का, कातडी निस्तेज दिसते का, हे अर्ध्या मिनिटात, कोणत्याही यंत्राशिवाय पाहता येते.

१ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यापासून वेगळ्या झालेल्या पालघर जिल्ह्याला हे विशेष लागू आहे. तारापूरला १९६९पासून अणुवीज केंद्र आहे, बोईसरला रसायनांची एमआयडीसी आहे. पण गंभीर मुलाला पुढच्या उपचारांसाठी अनेकदा जिल्ह्याबाहेरच न्यावे लागते. जव्हार-मोखाड्याहून नाशिक, तलासरीकडून सिल्वासा किंवा वलसाड, बोईसरहून मुंबई. त्या प्रवासात मुलाचा श्वास चालू ठेवणारे हात डिफिब्रिलेटरपेक्षा जास्त उपयोगी पडतात.

ते हात मॅनिकिनवर, म्हणजे सरावाच्या पुतळ्यावर, तयार होतात. तान्ह्या बाळाच्या खांद्यांखाली टॉवेलची घडी ठेवून मान सरळ करायची. अंगठा व तर्जनीने अंबुबॅगचा, म्हणजे हाताने दाबून श्वास देण्याच्या पिशवीचा, मास्क चेहऱ्यावर धरायचा, उरलेल्या तीन बोटांनी जबडा वर उचलायचा, गळ्याचा मऊ भाग दाबायचा नाही. मग छाती जेमतेम उचलली जाईल एवढीच अंबुबॅग दाबायची. नवशिका हमखास जोर लावतो, हवा पोटात जाते आणि पोट फुगते. हृदय थांबले असेल तर मिनिटाला १०० ते १२० दाब, छातीच्या एक तृतीयांश खोलीपर्यंत. दोघे असतील तर १५ दाबांमागे २ श्वास.

पुस्तकातले सगळेच इथे जसेच्या तसे उतरत नाही. उंचीवरून वजन सांगणारी ब्रोझलो फीत अमेरिकन मुलांवर बेतलेली आहे. मुंबईत तपासले तेव्हा १० किलोवरच्या मुलांचे वजन तिने १० टक्क्यांहून जास्त दाखवले. औषधाचा डोस तितकाच चुकणार. तीव्र कुपोषित मुलाला शॉकमध्येही सलाइन भरभर देता येत नाही, हृदयाला तो भार पेलत नाही. विंचवाच्या दंशातही सावधगिरी हवी, कारण फुप्फुसात पाणी साचू शकते. तिथे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रूढ केलेले प्राझोसिन हे औषध कामी येते. कोकणपट्टीत शिकवणाऱ्याने हे प्रसंग सरावात घातलेच पाहिजेत.

शेवटी सगळ्या चमूची परीक्षा होते. प्रमुख सांगतो, ‘अॅड्रेनालिन, किलोला ०.०१ मिलिग्रॅम’, सिस्टर तोच डोस मोठ्याने उच्चारते, देते आणि ‘दिले’ म्हणते. वरिष्ठ चुकला तर कनिष्ठाने टोकायचे, हेही शिकवावे लागते आणि आपल्याकडे तेच सर्वांत अवघड जाते.

प्रमाणपत्र दोन वर्षे चालते. हातातले कसब काही महिन्यांतच उतरू लागते. मॅनिकिन कपाटात कुलूपबंद न ठेवता ड्युटीरूममध्ये ठेवावा.